कानोसा

पट्टा बारा किलोमीटरचा.
वर डोंगर फोडतात, खाली डोंगर दळतात,
आणि मधल्या आटाकामात, जिथे गवताची काडी उगवत नाही,
तांब्याचे दगड पडल्या पडल्या प्रवास करतात.
ट्रक होते तेव्हा तिसऱ्या वळणावर
दर हिवाळ्यात एखादा क्रूस वाढायचा.
आता वळणच नाही. रबर आहे,
रबराच्या पोटात पोलादी दोर,
आणि रबराखाली तिघातिघांनी फिरणारे रोलर,
तीस हजारांच्या वर.

सिप्रियानो चोके त्यांच्या कडेकडेने चालतो.
हातात लोखंडी सळई.
एक टोक चौकटीला, दुसरं कानामागच्या हाडाला.
बेअरिंग मरायच्या आधी आठ दिवस रडतं, म्हणतो तो.
आधी डब्यात वाटाणे हलवल्यासारखं,
मग मांजरासारखं,
मग वास येतो; आणि वास आला म्हणजे उशीर झाला.
हे त्याला कुणी शिकवलं नाही.
आई लामा राखायची. कळपातलं दुखणाईत जनावर
ती श्वासावरून ओळखायची,
अंधारात, अंथरुणातूनच कानोसा घेत.

मी यासना. खाली काचेच्या खोलीत बसते.
माझ्या पडद्यावर पट्टा म्हणजे एक हिरवी रेघ
आणि एक आकडा: ताशी सहा हजार टन.
रेडिओवर तो सांगतो,
चार हजार चारशे सतरा, उजवा, किंचाळतोय.
मी लिहून घेते. दुरुस्तीवाले जातात, बदलतात,
काढलेला खोलून बघतात तर
आत ग्रीस ताजं, लोण्यासारखं.
जुलैत दोनदा असं झालं. ऑगस्टात पाचदा.
जेवणाच्या टेबलावर बारेदा म्हणाला,
म्हाताऱ्याला हल्ली धडधाकट रोलरांचीही दया येते.
सगळे हसले.
मीही, थोडीशी.

मग तो मंगळवार.
दगडांवर पालथा पडून एक हातमोजा आला.
चामड्याचा, डावा, बोटं जरा वळलेली,
आत काही असल्यावर वळतात तशी.
पट्टा सेकंदाला सहा मीटर पळतो.
विचार करायला वेळ देत नाही.
सिप्रियानोने दोरी ओढली.

हिरवी रेघ लाल झाली.
आकडा उतरत उतरत शून्यावर आला.
सात फोन वाजले, सातांनाही मी एकच सांगितलं:
थांबा, वर माणसं मोजतायत.
मोजली. सगळी भरली, दोन-दोन हातांसकट.
हातमोजा नुसताच होता,
कुणाच्या तरी खिशातून, कुठल्या तरी पाळीत गळलेला.
एकेचाळीस मिनिटं.
त्यांची किंमत कुणीतरी लगेच काढून दाखवली:
माझ्या गल्लीतली चार घरं, अंगणासकट.

यातलं त्याने काहीच विचारलं नाही.
रेडिओवर बराच वेळ नुसता वारा.
मग म्हणाला,
"यासना, सगळं थांबलंय ना?"
थांबलंय.
"खालून परत येणारा भागसुद्धा?"
तोही.
पुन्हा वारा.
"मग चार हजार चारशे सतरा
अजून किंचाळतोय."

त्या दिवशीच्या नोंदवहीत मी लिहिलं:
हातमोजा, डावा, नग एक.
बाकीच्या ओळी कोऱ्या ठेवल्या.
बरं केलं की वाईट, ठाऊक नाही;
डॉक्टरांच्या तपासणीला अजून दोन महिने आहेत.

आता तो सळई नेत नाही.
प्रत्येक चौकटीशी थांबतो, तळहात टेकवतो,
तापलेल्या पोराच्या कपाळावर टेकवावा तसा,
आणि पुढे जातो.
आधीपेक्षा हळू. दिवस पुरत नाही त्याला.
गेल्या आठवड्यात नऊ हजारांतला एक सांगितला.
बारेदाने तोंड वाकडं करत खोलला:
आत गोळ्यांचा चुरा, काळा, भाजलेला.
कुणी हसलं नाही. कुणी काही बोललंही नाही.

वर सकाळी उणे नऊ असतं.
हात टेकवायच्या आधी तो हातमोजा काढतो,
खिशात ठेवतो,
आणि खिशाची चेन
शेवटपर्यंत ओढून घेतो.